विश्लेषण : समुद्रतळाच्या गाळाचे वय पृथ्वीच्या कक्षेवरून कसे ठरते?

पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची शेवटची मोठी अदलाबदल ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वी झाली, असे १९८०च्या दशकात सर्रास मानले जात होते. हा आकडा जमिनीवरच्या लाव्हाच्या खडकांवरून काढलेला होता. १९९० मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे निकोलस शॅकलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक महासागराच्या तळातील गाळ तपासून सांगितले, की हा आकडा सुमारे ५० हजार वर्षांनी कमी आहे. खडकाला चिखलाने दिलेले हे आव्हान होते. त्यात खरे कोण ठरले? आणि मुळात चिखलात घड्याळ आले कुठून?

गाळाचे वय थेट का मोजता येत नाही?

खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ साचतो. जहाजावरून तळात लांब नळी घुसवून या गाळाचा उभा नमुना काढतात. त्याला ‘कोअर’ म्हणतात. वरचा थर नवा, खालचा जुना, एवढा क्रम त्यातून लगेच कळतो. पण वय कळत नाही. कार्बन-१४चा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा असल्याने सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ती पद्धत चालत नाही. लाव्हासाठी किरणोत्सारी पोटॅशियमवर आधारित पद्धत आहे. मात्र गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला तरच तिचा उपयोग होतो.

मग घड्याळ कोणते?

हे घड्याळ आकाशातले आहे. गुरू, शुक्र आदी ग्रहांच्या ओढीमुळे पृथ्वीची कक्षा कधी अधिक लंबगोल, तर कधी जवळपास वर्तुळाकार होते. हा बदल सुमारे १ लाख आणि ४ लाख ५ हजार वर्षांच्या चक्रांत होतो. पृथ्वीच्या आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या चक्रात सुमारे २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान बदलतो. शिवाय भोवरा मंदावताना डोलतो तसा हा आस डोलतो. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना कोणता ऋतू असेल, हे १९ ते २३ हजार वर्षांच्या चक्रांत पालटते. या बदलांमुळे कुठल्या अक्षांशावर कोणत्या ऋतूत किती ऊन पडेल, याचे गणित सर्बियाचे मिलुटिन मिलानकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाताने मांडले. उत्तरेकडचे उन्हाळे थंड झाले की बर्फ वितळत नाही, साचत जातो आणि हिमयुग येते, असा त्यांचा सिद्धांत होता.

गाळात त्याची नोंद कशी होते?

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव चुनखडीचे कवच बांधतात. समुद्राच्या पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ असे दोन्ही असतात. हलका आधी वाफ होऊन उडतो आणि हिमयुगात जमिनीवरच्या बर्फात अडकतो. समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि तेच कवचांत उतरते. कवचे तळाशी साचतात आणि थरागणिक जगातल्या बर्फाचा हिशेब लिहिला जातो.

१९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इंब्री आणि शॅकलटन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील दोन कोअरमधून साडेचार लाख वर्षांचा असा हिशेब वाचला. त्यात सुमारे १ लाख, ४१ हजार, २३ हजार आणि १९ हजार वर्षांची चक्रे उमटलेली दिसली. मिलानकोविच यांचे निधन १९५८ मध्ये झाले होते. ही पुष्टी पाहायला ते नव्हते.

चक्रांवरून वय कसे काढतात?

कक्षेचे गणित मागे नेऊन प्रत्येक चक्राची तारीख काढता येते. गाळातल्या ऑक्सिजनच्या आलेखाचे चढउतार त्या गणिताशी जुळवायचे. बर्फ साचायला हजारो वर्षे लागतात, तेवढा उशीर धरायचा. जुळणी झाली, की प्रत्येक थराला तारीख मिळते.

पण हे उत्तर आधी पाहून गणित सोडवण्यासारखे नाही का? ही शंका रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती होती. म्हणूनच १९९०चा वाद महत्त्वाचा ठरला. ध्रुवांच्या अदलाबदलीची खूण लाव्हात असते, तशीच गाळातही असते. शॅकलटन यांच्या जुळणीत ती खूण ७ लाख ८० हजार वर्षांवर येत होती. फरक ४१ हजार वर्षांच्या एका अख्ख्या चक्राहून मोठा होता. त्यानंतर आर्गॉन-आर्गॉन या अधिक अचूक पद्धतीने लाव्हा पुन्हा तपासला गेला आणि आकडा ७ लाख ८० हजारांच्याच आसपास आला. जुन्या मोजणीत काही आर्गॉन वायू निसटल्याने खडक होता त्यापेक्षा तरुण दिसला होता. गाळाचे घड्याळ बरोबर होते. आज ही अदलाबदल सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची मानली जाते.

मर्यादा कोणत्या?

गाळाचा क्रम मोडला, तर घड्याळही मोडते. २०१५ मध्ये अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय खोदमोहिमेला शेकडो मीटर जाडीचा, समुद्राखाली कोसळलेल्या दरडीचा राडा लागला. अशा थरात चक्रे मोजता येत नाहीत. दुसरी मर्यादा आकाशातली आहे. ग्रहांच्या गतीतील गोंधळामुळे सुमारे ५ कोटी वर्षांपलीकडे कक्षेचे तपशीलवार गणित भरवशाचे राहत नाही. तिथे ४ लाख ५ हजार वर्षांचे स्थिर चक्र तेवढे हाताशी उरते.

आपल्याशी याचा काय संबंध?

थेट मान्सूनशी संबंध आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी ती जूनमध्ये असायची. तेव्हा उन्हाळे अधिक कडक होते आणि मान्सूनही अधिक जोरदार होता. अरबी समुद्राच्या गाळात याच्या खुणा आहेत. लक्ष्मी खोऱ्यातील मोहिमेत गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा सहभाग होता आणि मान्सूनचा इतिहास वाचणे हा तिच्या उद्देशांपैकी एक होता. पावसाचा जोर पूर्वी बदलला, एवढे कळून भागत नाही. तो किती वर्षांत बदलला, हे कळले तरच आज माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीचा वेग त्याच्याशी ताडून पाहता येतो. थराची तारीख चुकली, तर बदलाचा वेगही चुकतो आणि मग कारणही भलतेच ठरते.