धावपट्टी पाहून विमान घ्यावे

शिवडी म्हटली की आपल्याकडच्या जुन्या कापूस उत्पादकांना तिथला कापूस बाजार आणि मालाची गोदामे आठवतात. 12 जानेवारी 2024 रोजी त्याच शिवडीतून न्हावाशेवाकडे जाणाऱ्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर 2025 मध्ये खाडीपलीकडच्या नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले. आता समजा, मुंबईतला एखादा कारखानदार स्वतःचे जेट विमान घ्यायचे म्हणतो. शिवडीहून पूल ओलांडायचा, विमानात बसायचे आणि आपल्या भागातल्या कारखान्याजवळ उतरायचे, असा त्याचा बेत आहे. त्याने कोणते विमान घ्यावे?

"त्याचं विमान, त्याचा पैसा. आपल्याला काय त्याचं?" असे कोणी म्हणेल. पण ते विमान उतरणार आपल्या शिवाराच्या कडेला. धावपट्टी अपुरी पडली की मोजणी सुरू होते ती आपल्याच बांधावर. म्हणून हा हिशेब गावानेही समजून घेतलेला बरा.

दोन विमाने, दोन स्वभाव

मध्यम आकाराच्या जेटमध्ये सात-आठ माणसे बसतात. या वर्गातली दोन नावाजलेली विमाने म्हणजे हॉकर 800 एक्सपी आणि सेसना सायटेशन एक्सएलएस.

हॉकरचे मूळ घराणे इंग्लंडचे. त्याचा पूर्वज डी हॅविलंड 125 हा 1962 साली प्रथम उडाला. 800 एक्सपी हे रूप 1990 च्या दशकात आले. पूर्ण भरलेले वजन सुमारे 12,700 किलो आणि एका दमात जवळपास 4,600 किलोमीटरचा पल्ला. मुंबईहून सिंगापूर थेट गाठता येते. आतली जागाही ऐसपैस.

सायटेशन एक्सएलएस 2004 पासूनचे, अमेरिकन. भरलेले वजन सुमारे 9,200 किलो, पल्ला साधारण 3,400 किलोमीटर. दिल्ली, गुवाहाटी, दुबई आरामात. सिंगापूरला मात्र वाटेत थांबावे लागेल.

नुसता पल्ला पाहिला तर हॉकर सरस. पण गोम पुढे आहे.

धावपट्टी किती लागते?

समुद्रसपाटीला, बेताच्या हवेत, पूर्ण वजनाने उडायला हॉकरला सुमारे 1,530 मीटर धावपट्टी लागते. एक्सएलएसला सुमारे 1,085 मीटर पुरते. नवी मुंबईची धावपट्टी 3,700 मीटरची, तिथे दोन्ही विमाने सारखीच. कराडची धावपट्टी आहे सुमारे 1,280 मीटर. म्हणजे तिथे हॉकर पूर्ण भरून उडवण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यातही हे आकडे पुस्तकातले. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांना उचल कमी मिळते. मग धाव वाढते. चैत्र-वैशाखात एक्सएलएसलाही इंधन किंवा माणसे कमी करावी लागतील. पावसाळ्यात उतरताना ओल्या धावपट्टीसाठी पंधरा टक्के लांबी जादा धरण्याची रीत आहे. आखूड धावपट्टीचा प्रताप मुंबईने 24 सप्टेंबर 1972 रोजी पाहिला. जपान एअरलाइन्सचे मोठे डीसी-8 विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

यावर सोपा उपाय सुचतो तो धावपट्टी वाढवण्याचा. पण वाढवायची म्हणजे जमीन आली. कराडला विस्ताराचा विषय निघाला तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता. बागायती जमीन एकदा गेली की परत येत नाही. म्हणून विमानाच्या मापाने धावपट्टी ओढण्यापेक्षा धावपट्टीच्या मापाने विमान घेणे शहाणपणाचे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते यालाच.

तासाचा हिशेब

ट्रॅक्टर घेताना आपण काय पाहतो? वर्षाला काम किती तास आहे आणि डिझेल किती खातो. विमानाचेही तेच. हॉकर तासाला साधारण हजार लिटर इंधन पिते, एक्सएलएस आठशेच्या आसपास. वैमानिकांचा पगार, विमा, हँगरचे भाडे, ठराविक मुदतीची तपासणी हा खर्च विमान उभे असले तरी चालूच. वर्षाला शंभरच तास उडाले तर तासामागे जो बोजा पडतो, तो चारशे तास उडाल्यास चौथाईवर येतो. ज्याला काम कमी, त्याने भाड्याने विमान घ्यावे. दारात हत्ती बांधू नये.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. हॉकर बनवणारी कंपनी 2012 साली दिवाळखोरीत गेली आणि ही जेट बनणे थांबले. 2014 मध्ये सेसनाच्याच मालकाने, टेक्स्ट्रॉनने, तो उद्योग विकत घेतला, त्यामुळे सांभाळ चालू राहिला. तरीही हॉकर आता जुनेच मिळणार. स्वस्त पडेल, पण जुन्या यंत्राची दुरुस्ती मालकाला ठाऊकच असते. शिवाय परदेशातून जुने विमान आणायला सरकारची वयाची अट आहे, ती आधी तपासावी.

एकूण निवाडा असा: वरचेवर परदेशी लांब जाणे असेल आणि मोठ्या धावपट्ट्यांवरच उतरायचे असेल, तर हॉकर. देशात फिरून जिल्ह्याच्या धावपट्टीवर उतरायचे, तर एक्सएलएस.

ग्रामपंचायतीचे काम

धावपट्टीजवळच्या सरपंच-ग्रामसेवकांनी एक ध्यानात ठेवावे. विमान कोणतेही असो, घार इंजिनात शिरली तर जिवावर बेतते. 1937 च्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा-घाण टाकणे आणि जनावरे कापणे-सोलणे यांना मनाई केली आहे. मेलेली जनावरे पुरावीत, उकिरडा दूर न्यावा, गुरे धावपट्टीवर सोडू नयेत. आणि विस्ताराचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आलाच, तर पहिला प्रश्न हा विचारावा: उतरणारे विमान कोणते, आणि त्याला आहे ती धावपट्टी का पुरत नाही?