कुत्रा आणताना मे महिन्याला विचारावं

आमच्याकडचा पग २०१० सालच्या मे महिन्यात गेला. बाहेर पारा ४५च्या आसपास. ऊन आणि झळा आत येऊ नयेत म्हणून नंदनवनातल्या आमच्या घराची पुढची खोली आम्ही सगळीकडून बंद केली होती आणि कूलर लावून त्याला आत ठेवलं होतं. स्वतः एका साक्षगंधाला गेलो होतो. मधल्या काळात लाइन गेली (आमच्या नागपुरात वीज जात नाही, लाइन जाते). परतलो तेव्हा तो फरशीवर आडवा पडून घरघरत होता, जीभ जांभळी पडली होती. डॉक्टरांकडे न्यायला निघालो, पण जगनाडे चौक ओलांडायच्या आत तो संपला. चार वर्षांचा होता.

तो का आणला होता, याचं उत्तर द्यायला आजही लाज वाटते. २००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीची जाहिरात टीव्हीवर आली. एक लहान मुलगा पुढे आणि त्याच्या मागे निमूट चालणारा पग. त्या कुत्र्याने अख्ख्या देशाला वेड लावलं. आमच्याही घराला लावलं. त्याला उन्हाळा झेपेल का, हा प्रश्न घरातल्या एकानेही विचारला नाही.

आता नातू नऊ वर्षांचा झाला आहे आणि घरात पुन्हा कुत्र्याचा विषय निघाला आहे. या वेळी आधी अभ्यास करायचा असं मी ठरवलं. हा लेख म्हणजे तो अभ्यास.

सुरुवातीलाच एक गोष्ट खटकली. जनावराची जात पारखण्याची अक्कल आपल्याकडे नव्हती असं मुळीच नाही. वर्धा-नागपूरकडच्या शेतकऱ्याला गवळाऊ बैल का ठेवायचा ते ठाऊक होतं: अंगाने हलका, चालायला चपळ, उन्हात टिकणारा. नागपुरी म्हैस दुधाला मुऱ्हापेक्षा कमी, पण विदर्भाचा उन्हाळा सोसणारी, म्हणून ती राहिली. माझ्या आजोबांनी म्हैस घेताना तिचा चेहरा गोंडस आहे का, हे नक्कीच पाहिलं नसेल. तीच माणसं शहरात आली, प्लॉट घेतला, घर बांधलं आणि कुत्रा आणायची वेळ आली तेव्हा हे सगळं विसरली. बहुधा कुत्र्याकडून काम करून घ्यायचं नव्हतं म्हणून.

(जाता जाता शब्दाबद्दल. वर्तमानपत्रं सर्रास ‘लॅब्राडोर प्रजातीचा कुत्रा’ असं छापतात. लॅब्राडोर आणि आपल्या गल्लीतला गावठी हे एकाच प्रजातीचे. वेगळी असते ती जात. हा शब्द आपल्याला बोचतो, त्याची कारणं उघड आहेत. पण गाई-म्हशींसाठी तो चालतो, तर इथेही चालावा.)

आता पग का मेला ते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, तो हिशेबात धरण्याइतका नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापणं हाच मुख्य उपाय. तोंड उघडून भराभर श्वास घेतला की जीभ, तोंड आणि नाकपोकळीच्या ओल्या आवरणावरून हवा जाते, पाणी वाफ होऊन उडतं आणि रक्त थंड होतं. नागपूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको, कारण आपला कूलर नेमका असाच चालतो. कुत्र्याचं नाक-तोंड म्हणजे कूलरची ओली गवताची ताटी. आणि कूलरचे दोन नियम आपल्याला पाठ असतात: एक, ताटी मोठी हवी, दोन, खोलीची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते आणि कूलर नुसता चिकचिकाट करतो.

पगचं तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आत दाबलं आहे. कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांब, श्वासाची वाट चिंचोळी. म्हणजे ताटी लहान आणि तिच्यातही गाळ साचलेला. वर आम्ही खिडक्या बंद करून कूलर लावला. खोली दमट झाली, मग लाइन गेली आणि तापली. दमट हवेत पाणी उडत नाही, तेव्हा तो कितीही धापला तरी उपयोग नव्हता. आम्ही त्याच्यासाठी केलेली सोयच त्याच्यावर उलटली. हेच कारण जुलै-ऑगस्टमध्येही लागू होतं. पारा ३४वर आला म्हणून आपण निर्धास्त होतो, पण हवेत ओल असते आणि आखूड तोंडाच्या कुत्र्याला तो उकाडा मेइतकाच जाचतो.

ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लॅब्राडोरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता बुलडॉगमध्ये सुमारे १४ पट, फ्रेंच बुलडॉगमध्ये सहापटीहून अधिक आणि केसाळ चाउ चाउमध्ये सुमारे १७ पट आढळली. आणि हा ब्रिटनचा उन्हाळा! नेदरलँड्सने २०१९पासून फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध आणले आहेत. आपल्याकडे मात्र पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग ही ‘फ्लॅटसाठी सोयीची’ कुत्री म्हणून विकली जातात. जागा कमी लागते हे खरं आहे. त्यांना लागते हवा.

हस्कीबद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं, कारण आमच्या पलीकडच्या गल्लीत एक आहे आणि त्याचे मालक सज्जन आहेत. सैबेरियातला हा बर्फगाडी ओढणारा कुत्रा. अंगावर दुहेरी केस, आतला थर लोकरीसारखा दाट, आणि दिवसभर धावण्याची हौस. मार्च ते जून त्याला एसीच्या खोलीत ठेवतात, पहाटे पाचला फिरवून आणतात. तो जगेलही. पण धावण्यासाठी घडवलेलं जनावर वर्षातले चार महिने एका खोलीत काढतं, तेव्हा ते दाराची चौकट कुरतडतं, रात्री गळा काढतं, आणि मग आपणच म्हणतो की हस्की फार हट्टी. केस भादरून टाकणं हा उपाय नव्हे. त्या थराने उन्हापासूनही थोडा बचाव होतो आणि एकदा काढलेला थर पुष्कळदा नीट उगवत नाही.

इथवर शरीराचं झालं. स्वभावाचं काय? ‘लॅब्राडोर मुलांना चांगला’, ‘रॉटवायलर रागीट’, ‘बीगल खेळकर’. कुत्र्याच्या निवडीवरचं कोणतंही पुस्तक उघडा, अर्धं याच वाक्यांनी भरलेलं असतं. मीही यावर विश्वास ठेवून होतो. एप्रिल २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक निबंध आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकं वाचून त्यांनी पाहिलं की एका कुत्र्याच्या वागण्यात आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला किती जातीमुळे समजतो. उत्तर आलं सुमारे ९ टक्के. माणसाचं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जातीचा वाटा त्यातल्या त्यात अधिक. पण कुत्रा किती चटकन चिडेल, हे त्याच्या जातीवरून जवळजवळ कळत नाही.

माझ्या दृष्टीने या अभ्यासातली हीच कळीची गोष्ट. जात शरीर सांगते: वजन, केस, नाक, पाठ, हाडं, भूक, आयुष्य. स्वभाव सांगते तो फारच थोडा. आपण नेमकं उलट करतो. जातीवरून स्वभाव गृहीत धरतो आणि शरीराकडे बघतच नाही. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने २३ जातींना हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं परिपत्रक काढलं. संबंधितांशी चर्चा न करता काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. अवाढव्य जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, यात शंका नाही. घरात रांगतं मूल असेल तर पन्नास किलोंचं जनावर आणताना दहादा विचार करावा. पण तोही शरीराचाच हिशेब झाला.

शरीराचा हिशेब घराशी घालायचा असतो. आमचं घर दुमजली, जिना उभा, झोपायच्या खोल्या वर. म्हणजे लांब पाठीचा, आखूड पायांचा डॅशुंड बाद. त्याच्या मणक्यातल्या चकत्या मुळातच कमकुवत, आणि जिन्यावरच्या उड्या त्याला लंगडं करून ठेवतात. लॅब्राडोरचा आमच्याकडे सगळ्यात जास्त विचार झाला. पण २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास चौथाई लॅब्राडोरमध्ये भूक भागल्याचा निरोप देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. पोट भरलं तरी त्यांना ते कळत नाही. ज्या घरात आजी ‘एवढं पाहतोय बिचारा’ म्हणून पोळी टाकते, त्या घरात लॅब्राडोर पाच वर्षांत चाळीस किलोंचा होतो आणि मग त्याचे खुबे जातात. आमच्या घरात अशी आजी आहे. (दिवाळीत तर लाडवावरचा बेदाणासुद्धा कुत्र्याला देऊ नये, द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.)

नातवाच्या आईने मधेच मांजराची बाजू मांडली. फिरवायला नको, दोघंही नोकरीवर असताना दिवसभर झोपून राहील. मुद्दा रास्त होता. पण तिथेही तेच. दुकानातली पर्शियन पगसारखीच चपट्या नाकाची, डोळ्यांतून सतत पाणी, रोज केस विंचरले नाहीत तर जटा. शिवाय या जातीत मूत्रपिंडात गाठी करणारा आनुवंशिक आजार बराच आढळतो. दुमडलेल्या कानांची स्कॉटिश फोल्ड तर बघू नयेच. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या मांजरीपासून ही जात वाढवली. ज्या जनुकाने कान दुमडतात, तेच सगळ्या अंगातल्या कूर्चेत दोष आणतं. गोंडस दिसणारी ती बसण्याची तऱ्हा पुष्कळदा सांधे दुखत असल्याची असते. साधी देशी मांजर या सगळ्यांतून सुटलेली. तिच्याबाबत अडचण आमच्या स्वयंपाकघराची निघाली. मांजर शुद्ध मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातूनच मिळवावं लागतं, ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय जातं. दूध-पोळीवर ती उंदीर मारून जगत असे, दूध-पोळीमुळे नव्हे. आमच्या घरात मांस शिजत नाही, आणि विकतचं मांजरखाद्य कायम आणण्याचा खर्च धरला तेव्हा ठराव बारगळला.

मग देशी कुत्री. ऐंशी-नव्वदच्या दशकात प्रत्येक मराठी घरात जो पांढरा ‘पामेरियन’ असे, ‘हम आपके हैं कौन’मधला टफी ज्या जातीचा, तो खरं तर इंडियन स्पिट्झ. इथल्या हवेत पिढ्या काढलेला, लहान, सावध, थोडा बडबड्या. आज तो ‘जुन्या फॅशनचा’ म्हणून मागे पडला आहे. मुधोळ किंवा कारवान हा दख्खनचा शिकारी कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तो जोपासला, २००५ साली त्याचं टपाल तिकीट निघालं. अंगावर केस आखूड, शरीर सडसडीत, तोंड लांब. उन्हाळ्याच्या परीक्षेत पहिला नंबर. पण त्याला धावायला वावर लागतं. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर तो हस्कीइतकाच दुःखी होईल.

उरला गावठी. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच म्हटलं होतं की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सक्ती चूकच होती. पण ज्याला मनापासून कुत्रा हवा आहे, त्याने गल्लीकडे आधी पाहावं, हे मला पटतं. भाबडेपणाने मात्र नाही. गल्लीतल्या पिलाला जंत असतात, गोचिडी असतात, लसीच्या आधीच पार्व्हो होऊ शकतो. आणि बंद खोलीत कोंडलं तर मेमध्ये तोही मरेल. तो उन्हात टिकतो कारण तो मोकळा असतो: नाली, उभ्या गाडीची सावली, झाडाखाली उकरलेला खड्डा, हे सगळं त्याचं त्याला शोधता येतं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा. २०१७च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. व्यवहारात पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं टोपलीतून विकली जातात. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्यातला पहिला भाग आई आणि भावंडांत जायला हवा. चावा किती जोरात घ्यायचा ते त्याला तिथेच कळतं. म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा ‘आई दाखवा’ म्हणा. विकणारा आई दाखवायला तयार नसेल, तर परत या. स्वभावाबद्दल जे काही कळायचं ते जातीच्या नावापेक्षा त्या आईकडे पाहून अधिक कळतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बांधकामाच्या गिट्टीच्या ढिगामागे तांबडी कुत्री अश्विनाच्या सुरुवातीला व्याली. चार पिल्लं. मी आणि नातू रोज संध्याकाळी लांबून बघून येतो. आई आता गुरगुरत नाही, शेपटी हलवते. तिसऱ्या नंबरचं पिल्लू आमच्याकडे येणार आहे, पण दिवाळीत नाही. पहिल्यांदाच घर बदललेल्या जिवाला सुतळी बॉम्बच्या आवाजात आणणं नको, आणि आठ आठवडेही तोवर भरत नाहीत. तुळशीची लग्नं उरकली, फटाके थांबले आणि आठ आठवडे भरले की आणू. पुढच्या खोलीची खिडकी उघडी राहील अशी जाळी बसवून घेतली आहे. नातवाने नावांची यादी केली आहे, सतरा नावं. जुने फोटो पाहून त्याने पहिलं त्या पगचं नाव घातलं होतं, तेवढं मी खोडलं.