मर्यादा प्रश्नात हवी, उत्तरावर नको

समजा, पंप विकणाऱ्या एका कंपनीनं ग्राहकांच्या तक्रारींसाठी मोबाइल ॲप करून घेतलं. करणारा प्रोग्रामर नाही; सर्व्हिस विभागातलाच, एक्सेलवर हात बसलेला माणूस. तक्रारी शेअरपॉइंटच्या यादीत साठतात, ॲप मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये बांधलंय आणि मागितलेली माहिती यादीतून ॲपपर्यंत आणण्याचं काम कनेक्टर करतो. चाचणीच्या वेळी यादीत चाळीसेक नोंदी होत्या, तेव्हा सगळं चोख चाललं. पुढे नोंदी सहा हजारांवर गेल्या आणि सकाळीच लिहून घेतलेली तक्रार मेकॅनिकला ॲपमध्ये सापडेना. ॲप बंद पडलेलं नाही, पडद्यावर चूक झाल्याचा कुठलाही संदेश नाही, यादी नेहमीसारखी भरलेली दिसते; फक्त ती अपुरी आहे. लो-कोड, म्हणजे फारसं कोड न लिहिता ॲप बांधू देणाऱ्या साधनांवर कामकाजाची ॲप्स बांधणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. त्याचं कारण तांत्रिक असलं, तरी त्यातून शिकायचं ते तांत्रिक नाही. माहितीवर मर्यादा घालावीच लागते, पण ती विचारलेल्या प्रश्नात असायला हवी. प्रश्न मोकळा सोडून उत्तर मधेच तोडलं, तर हाती येतं ते अर्धसत्य, आणि ते पूर्ण सत्यासारखंच दिसतं.

पडद्याआड घडतं ते असं. बांधणाऱ्यानं ‘प्रलंबित तक्रारी दाखव’ अशा अर्थाचा फॉर्म्युला लिहिला, की हा प्रश्न जसाच्या तसा शेअरपॉइंटकडे सोपवता येईल का, हे पॉवर ॲप्स आधी तपासतं. येत असेल तर निवड तिकडेच होते, कनेक्टरमधून निवडक नोंदीच येतात आणि ॲपच्या पडद्यावरच्या यादीत, म्हणजे गॅलरीत, त्या शंभर-शंभरच्या टप्प्यानं उतरतात. या सोपवण्याला डेलिगेशन म्हणतात. सोपवता येत नसेल, तर ॲप यादीच्या सुरुवातीच्या 500 नोंदी उचलून आणतं आणि त्यांना फोनवर चाळणी लावतं. हा आकडा सेटिंगमध्ये 2,000 पर्यंत वाढवता येतो, त्यापुढे नाही. म्हणजे सहा हजारांपैकी साडेपाच हजार नोंदी चाळणीपर्यंत पोचतच नाहीत. शेअरपॉइंट सहसा जुन्या क्रमांकापासून नोंदी देत येतं, त्यामुळे गळतात त्या नव्या. ज्यांच्यासाठी ॲप उघडलं, नेमक्या त्याच.

सोपवता येणारा आणि न येणारा प्रश्न यांत दिसायला फारसा फरक नसतो. तारखेच्या रकान्यातून वर्ष काढून ‘वर्ष 2025 आहे का’ असं विचारलं, तर ते शेअरपॉइंटला झेपत नाही, कारण प्रत्येक नोंदीवर आधी आकडेमोड करावी लागते. ‘तारीख 1 एप्रिल 2025 किंवा त्यानंतरची’ असं विचारलं, तर झेपतं. नावात कुठेही येणारी अक्षरं शोधायला सांगितली, तर शोध फोनवरच होतो आणि 500 नोंदींत अडकतो; नावाची सुरुवात जुळवायला सांगितली, तर तो यादीभर फिरतो. आपल्याकडे याचा एक वेगळाच काच आहे. ग्राहकाचं पूर्ण नाव एकाच रकान्यात, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहिलेलं असेल, तर ‘पाटील’ टाकून सुरुवात जुळवण्यात अर्थ नाही. आडनावाला वेगळा रकाना दिला, की तोच शोध नीट चालतो. म्हणजे कनेक्टर किती आणि काय आणेल, याचा निकाल फॉर्म्युल्याच्याही आधी, यादीची आखणी करतानाच बराचसा लागलेला असतो. मोजका प्रश्न विचारता यावा अशी माहिती मुळात साठवावी लागते.

सगळ्याच मर्यादा सारख्या नसतात, हे शेअरपॉइंटच्याच दुसऱ्या आकड्यावरून कळतं. त्याच्या यादीत 3 कोटींपर्यंत नोंदी मावतात. पण 5,000 हून अधिक नोंदींच्या यादीत इंडेक्स (शोधासाठी आधीच करून ठेवलेली सूची) नसलेल्या रकान्यावर निवड मागितली, तर ते सरळ नकार देतं. या नकाराला वैतागणारे पुष्कळ आहेत, पण तो प्रामाणिक आहे: प्रश्न नीट विचार, नाहीतर उत्तर मिळणार नाही. ॲपमधली 500 ची मर्यादा असं काही बोलत नाही. बांधणाऱ्याला फॉर्म्युल्याखाली निळी रेघ आणि पिवळा त्रिकोण दिसतो. वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. आपोआप चालणारी कामं, म्हणजे फ्लो, बांधण्याच्या मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर ऑटोमेटमध्ये तर शांतता आणखी गडद आहे. तिथली शेअरपॉइंटच्या नोंदी आणणारी क्रिया, वेगळं काही सांगितलं नाही तर, 100 नोंदी आणते, आणि एक्सेलच्या तक्त्यातल्या ओळी आणणारी 256. यादीत हजार नोंदी असल्या, तरी फ्लोसमोर यशस्वी झाल्याची हिरवी खूण येते. उत्तर निमूटपणे तुटण्याची किंमत काय असू शकते, हे इंग्लंडनं 2020 मध्ये पाहिलं. तो लो-कोडचा मामला नव्हता, पण दोष याच जातीचा होता. कोविड चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींत घेतले जात होते आणि त्या फायलीत 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. फाइल भरली, हे कुणीतरी मोठ्यानं सांगितलं असतं, तर गोष्ट तिथेच थांबली असती.

ओळींबद्दल जे खरं, ते रकान्यांबद्दलही खरं. मेकॅनिकला पत्ता, पंपाचं मॉडेल आणि तक्रार एवढं पुरतं. ग्राहकाचा जुना हिशेब आणि इतर फोन नंबर त्याच्या मोबाइलवर कशाला उतरायला हवेत? मायक्रोसॉफ्टच्याच डेटाव्हर्स या माहितीसाठ्यातल्या नोंदी आणणाऱ्या क्रियेत रकाने निवडण्यासाठी एक चौकट असते आणि ती बहुतेक वेळा रिकामी सोडली जाते. रिकामी चौकट म्हणजे ‘सगळं द्या’. भारताचा 2023 चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमती ठरलेल्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानतो. ‘सगळं द्या’ची सवय या विचाराच्या उलट जाते. मात्र पडद्यावर न दिसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. ॲपमधली चाळणी हे कुलूप नाही. शेअरपॉइंटच्या यादीवर ज्याला परवानगी आहे, तो ॲपला वळसा घालून यादी थेट उघडू शकतो. गूगलच्या ॲपशीटमध्ये हा भेद साधनातच केलेला आहे: स्लाइस केवळ दाखवणं मर्यादित करते, सिक्युरिटी फिल्टर मात्र नोंदी फोनपर्यंत येऊच देत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये अपगार्ड या सुरक्षा संस्थेनं जाहीर केलं, की पॉवर ॲप्सच्या पोर्टलांमधून 47 संस्थांच्या मिळून 3 कोटी 80 लाख नोंदी कुणालाही वाचता येतील अशा पडून होत्या. माहितीचे फीड खुले केलेले होते आणि तक्त्यांवरच्या परवानग्या चालू केलेल्या नव्हत्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं या परवानग्या आपोआप चालू राहतील अशी व्यवस्था केली. तिथे विचारणाऱ्याला मूळ ठिकाणीच अडवायला हवं होतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: आकडा 2,000 करा आणि मोकळे व्हा. यादी कायम दोन हजारांच्या आत राहणार असेल, उदाहरणार्थ शाखांची किंवा सुट्या भागांच्या प्रकारांची, तर हे ठीकच आहे. पण तक्रारी, हजेरी, गेटपास या रोज वाढणाऱ्या याद्या आहेत. तिथे आकडा वाढवून फक्त बिघाडाची तारीख पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकललेला बिघाड अधिक वाईट, कारण तोवर ॲपवर सगळ्यांचा विश्वास बसलेला असतो. दुसरा उपाय त्याहून लोकप्रिय आहे: ॲप उघडतानाच सगळी यादी फोनच्या तात्पुरत्या साठ्यात ओढून घ्यायची, मग हवा तसा शोध घ्या. पण साठा भरतानाही तीच 500 किंवा 2,000 ची मर्यादा लागू असते. शिवाय नंतरच्या शोधाला पिवळा त्रिकोणही येत नाही, कारण ॲपच्या लेखी ती आता घरचीच माहिती असते. आपल्या गटाचा सातबारा हवा असताना तलाठ्याचं अख्खं दप्तर घरी नेण्यासारखं हे आहे. आणि दप्तर पहिल्या पाचशे पानांवरच फाटलेलं आहे, हे नेणाऱ्याला कळतही नाही. नेटवर्क नसलेल्या भागात काम करणाऱ्याला माहिती सोबत लागते, हे मान्य. पण त्याला लागतात त्या त्याच्या वाट्याच्या, उघड्या तक्रारी. तेवढ्याच मागून साठवल्या, तर ऑफलाइनची गरजही भागते आणि नियमही मोडत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काही प्रश्नांचं उत्तर सगळ्या नोंदी पाहिल्याशिवाय मिळतच नाही. वर्षभरात एकूण किती तक्रारी आल्या, दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे मोजायला सगळी यादी नको का? हवी, पण ती फोनवर नको. बेरीज मूळ ठिकाणी व्हावी आणि कनेक्टरमधून यावा तो एक आकडा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसकडे बेरीज सोपवता येते, शेअरपॉइंटकडे नाही. शेअरपॉइंटच्या यादीवर ॲपनं काढलेली बेरीज 500 किंवा 2,000 नोंदींचीच असते, आणि चुकीची बेरीज बरोबर बेरजेइतकीच ठाशीव दिसते. अशा वेळी हिशेब पॉवर बीआयसारख्या अहवालाच्या साधनाकडे द्यावा किंवा माहितीच दुसऱ्या घरात हलवावी. यात खर्च आहे, परवान्यांचे पैसे आहेत. पण तो खर्च टाळून मिळालेल्या आकड्यावर खरेदीचा निर्णय घेतला, तर वाचवलेले पैसे तिथे जातात.

शेवटचा आक्षेप लो-कोडच्या मूळ वचनालाच हात घालतो. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ॲप बांधता येईल, असं सांगितलं गेलं. मग त्यानं डेलिगेशन आणि इंडेक्स कशाला शिकायचे? या तक्रारीत तथ्य आहे, आणि त्यातला अर्धा दोष साधनं करणाऱ्यांचा आहे. उत्तर तुटलं असेल, तर तसं वापरणाऱ्याच्या पडद्यावर स्पष्ट शब्दांत यायला हवं. बांधणाऱ्यापुरता त्रिकोण पुरेसा नाही. उरलेली जबाबदारी मात्र कुठलंही साधन उचलू शकत नाही. कोणाला, कोणत्या काळातल्या, कोणत्या नोंदी, कोणत्या रकान्यांसह हव्यात, हे प्रोग्रामरला नव्हे, सर्व्हिस विभागातल्या त्या माणसालाच ठाऊक असतं. आणि तो चुकतोय का, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे: चाचणीपुरता 500 चा आकडा 1 करायचा. जो प्रश्न सोपवला जात नाही, त्याच्या उत्तरात एकच नोंद उरते आणि दोष लगेच उघडा पडतो. चाळीस नोंदींवरची चाचणी जे लपवते, ते ही एक नोंद दाखवते. ॲप लोकांच्या हाती देण्याआधी एवढं करायला कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. लो-कोडच्या वचनात हे सहज बसतं.