प्रिंटरची शाई आणि घराचे स्थलांतर

उन्हाळ्याची सुट्टी संपवून शाळेत परतलेल्या विद्यार्थ्याने फाउंटन पेन उघडावे आणि त्यातून अक्षरच उमटू नये, हा अनुभव जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचा आहे. पेन मोडलेले नसे. शाईही संपलेली नसे. निबेच्या बारीक चिरेत थांबलेल्या शाईतील पाणी उडून गेलेले असे आणि मागे राहिलेल्या रंगद्रव्याने शाईची वाट बुजविलेली असे. कोमट पाण्याने धुतले की पेन पुन्हा लिहू लागे. आजच्या घरांतील इंकजेट प्रिंटरचे दुखणे हेच आहे. भेद इतकाच की, त्याला एक नव्हे तर शेकडो सूक्ष्म तोंडे असतात आणि ती धुणे पेनाइतके सोपे नसते.

दिल्ली, नॉएडा, गाझियाबाद, फरीदाबाद व गुरुग्राम या परिसरात बिऱ्हाड हलविण्याचे प्रसंग वारंवार येतात. कोणाची बदली होते, कोणाचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो, कोणाला मुलांच्या शाळेजवळ घर हवे असते. शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने यांतील पुष्कळ स्थलांतरे उन्हाळ्याच्या तोंडावर अथवा ऐन उन्हाळ्यात घडतात. नॉएडात उत्तम छापणारा प्रिंटर द्वारकेच्या नव्या घरात लावावा, तो कागदावर पांढरे पट्टे उमटावेत किंवा एखादा रंग अजिबात येऊ नये, आणि दोष ट्रकच्या धक्क्यांवर जावा, असे अनेकदा होते. वास्तविक बिघाडाचे मूळ बहुधा रस्त्यावर नसते. ते जुन्या घरात, प्रिंटरची वायर भिंतीतून ओढून काढली त्या क्षणी असते.

केसाहून बारीक तोंडे

शाईचे थेंब उडवून रेघ उमटविण्याची कल्पना नवी नाही. स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये अशा एका यंत्राचे एकस्व मिळाले. त्याचा उपयोग हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढण्याकडे झाला. आजच्या प्रिंटरमध्ये थेंब उडविण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एकीत सूक्ष्म तापक शाईचा पातळ थर काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवितो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. दुसरीत विद्युत्दाबाने आकार बदलणारा स्फटिकमय पदार्थ शाईला दाबतो. विद्युत् व दाब यांच्यामधील या संबंधाचा शोध झाक व प्येर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता.

ज्या छिद्रातून थेंब निघतो त्याचा व्यास सुमारे २० मायक्रोमीटर असतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, हे ध्यानी घेतल्यास छिद्राच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. थेंब पाच पिकोलिटरचा धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे वीस कोटी थेंब मावतात. एवढ्याशा तोंडावर शाईची पातळ साय धरली तरी थेंब अडतो किंवा वाकडा उडतो.

शाईची परस्परविरुद्ध कर्तव्ये

प्रत्येक शाई तिच्या कामासाठी घडविलेली असते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत विकसित झालेली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटांवर लागत आलेली शाई पाहावी. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट प्रकाशात काळे पडते आणि डाग पुसता येत नाही. तिचे काम एकच, टिकून राहण्याचे. प्रिंटरच्या शाईकडून मात्र दोन विरुद्ध अपेक्षा असतात: कागदावर पडताच तिने वाळावे आणि छिद्राच्या तोंडाशी मात्र मुळीच वाळू नये.

यासाठी शाईत पाण्याखेरीज ग्लिसरीनसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव्य मिसळलेले असते. थंडीत फुटलेल्या ओठांना ग्लिसरीन लावतात तेही याच गुणामुळे. परंतु हे द्रव्य किती पाणी धरू शकेल हे भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. दमट हवेत ते पाणी राखते. कोरड्या हवेत त्याला बरेचसे पाणी सोडून द्यावे लागते. मुंबईच्या सागरी हवेत जी शाई पुष्कळ काळ पातळ राहील, तीच मे-जूनच्या दिल्लीत लवकर दाट होईल. तेथे लू वाहत असताना तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा तिच्याही खाली उतरते.

टोपण बसले पाहिजे

ही अडचण ओळखून प्रिंटरमध्ये एक व्यवस्था केलेली असते. काम संपल्यावर छपाईचे शीर्ष एका कडेला जाऊन थांबते आणि खालून रबरी टोपण वर येऊन सर्व छिद्रे झाकते. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तरच हा विधी पूर्ण होण्याची खात्री असते. भिंतीवरील खटका मध्येच बंद केला, वायर ओढली किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर शीर्ष वाटेतच उघड्या तोंडाने थांबण्याचा संभव असतो. सामान बांधणारे घाईत असतात. ते वायर ओढतात, यंत्र खोक्यात घालतात. खोके तासाभरात नव्या घरी पोहोचते खरे, पण उघडले जाते दोन-तीन आठवड्यांनी. म्हणून या प्रकरणी अंतर मोजावयाचे ते किलोमीटरांत नव्हे, दिवसांत.

तेव्हा निघण्यापूर्वी छिद्रांची तपासणी करणारे पान छापून पाहावे. सर्व रेघा अखंड असल्यास बटण दाबून प्रिंटर बंद करावा, दिवा विझेपर्यंत व आतील हालचाल थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच वायर काढावी. शाईच्या कुप्या सहसा काढू नयेत. त्या काढल्यास शाईच्या मार्गात हवा शिरते आणि उघडी तोंडे वाळू लागतात. टाकीच्या प्रिंटरची झाकणे घट्ट लावावीत. काही नमुन्यांत वाहतुकीच्या वेळी शाईचा मार्ग बंद करणारी कळ असते, ती फिरवावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळी सूचना असल्यास तीच प्रमाण मानावी. कागद काढून, यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सपाट व उभे ठेवूनच न्यावे. ते आडवे केल्यास शाई सांडते आणि नळ्यांत हवा जाते.

उष्णतेचेही भान ठेवणे अवश्य आहे. हवा २७ अंशांवरून ५७ अंशांपर्यंत तापली तर तिचे आकारमान एक दशांशाने वाढते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत एवढे तापमान सहज होते. कुपीतील हवा फुगली की शाई छिद्रांतून बाहेर लोटली जाते आणि तेथेच वाळते. म्हणून प्रिंटर मोटारीत दुपारभर ठेवू नये.

नव्या घरात

नव्या घरी प्रिंटर काही तास खोलीच्या तापमानास येऊ द्यावा आणि इतर खोकी न उघडली तरी हे खोके आधी उघडावे. तपासणीचे पान पुन्हा छापावे. रेघा तुटक आल्यास यंत्रातील सफाईची क्रिया एक-दोनदा करावी आणि नंतर रात्रभर थांबावे. ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू विरघळविते. लागोपाठ दहा वेळा सफाई केल्याने शाई वाया जाते आणि ती शोषून घेणारी आतील गादी भरत जाते. विरघळणाऱ्या रंगाची शाई पुष्कळदा अशी सुटते. बारीक कणांची शाई एकदा घट्ट झाली की सहज सुटत नाही. कुपीवरच छिद्रे असणाऱ्या प्रिंटरमध्ये नवी कुपी घातली की नवी छिद्रे मिळतात. शीर्ष यंत्रातच बसविलेले असेल, तर ते बदलण्याचा खर्च कधी कधी नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ जातो. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांतून एक रंगीत पान छापत राहिल्यास शाई वाहती राहते.

असा बुजलेला प्रिंटर दुरुस्तीस महाग म्हणून टाकून दिला जातो. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे टाकाऊ विद्युत् उपकरणे हातांनी फोडून त्यांतील धातू व प्लॅस्टिक वेगळे करण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि त्या कामातील धूळ व धूर तेथील कामगारांच्या श्वासात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर व त्याच्या कुप्या यांचाही समावेश आहे. परंतु कचऱ्याची विल्हेवाट लावण्याहून तो निर्माण होऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर. पुष्कळदा त्यासाठी वायर काढण्याआधी बटण दाबून अर्धा मिनिट थांबणे एवढेच पुरेसे असते.