हिंवानें सुकविलेला बटाटा

काढलेला बटाटा घरांत चार महिने टिकविणें किती कठीण, हें आमच्या बागायतदार बंधूंस सांगावयास नको. दक्षिण अमेरिकेंत पेरू व बोलिव्हिया ह्या देशांच्या सीमेवर तितिकाका सरोवर आहे. त्याच्या भोंवतालच्या पठारावर, सुमारें १२,५०० फूट उंचीवर, तोच बटाटा कित्येक वर्षें टिकवितात. आणि तेंही ज्या हिंवानें उभें पीक करपतें त्याच हिंवाच्या साहाय्यानें.

जून-जुलै हा तिकडील हिंवाळा. लहान बटाटे उघड्या जमिनीवर पसरितात. रात्रीं ते गोठून दगड होतात, दुपारीं वितळून मऊ पडतात. असें कांहीं दिवस झालें कीं घरचीं माणसें ते अनवाणी तुडवितात. पाणी निघून जातें, सालही सुटते. मग कडकडीत वाळविले म्हणजे हलके, काळपट खडे उरतात. हाच 'चुन्यो'. हिंव सोसणाऱ्या कडू जातींतील विषारी अंशही ह्या कृतीनें बराच उतरतो.

रात्रभर भिजविलेला चुन्यो 'चायरो' नांवाच्या दाट रश्श्यांत पडतो. त्यांत मेंढीचें अथवा वाळविलेलें मांस, गहूं किंवा जव, भाज्या असें सर्व कांहीं असतें. तेथें पाणी सुमारें ८७ अंशांवरच उकळतें, म्हणून हंडी चुलीवरून लवकर उतरत नाहीं. नवख्यास चव मातकट लागते. पण पीक बुडालेल्या वर्षीं ह्याच रश्श्यावर घर तगतें.

आपल्याकडे देशावर ही कृति साधावयाची नाहीं. तेथेंही रात्र पुरेशी गोठली नाहीं तर पसरलेला माल सडतो; म्हणून त्या दिवसांत तेथील कुणबी निरभ्र आकाशाची वाट पाहतो.