मेक्सिकोचे फादर मिगेल प्रो
मिगेल अगुस्तिन प्रो यांचा जन्म १३ जानेवारी १८९१ रोजी मेक्सिकोतील साकातेकास प्रांतात, ग्वादालुपे येथे झाला. वडील खाण अभियंता असल्याने त्यांचे बालपण खाणकामगारांच्या वस्त्यांजवळ गेले. नकला करणे, व्यंगचित्रे काढणे आणि गिटार वाजवणे यांत मिगेल रमत असे.

१९११ मध्ये ते येशूसंघात (जेझुइट धर्मसंघात) दाखल झाले, तेव्हा मेक्सिकोत क्रांती पेटली होती. चर्चची मालमत्ता, शिक्षणावरची पकड आणि जुन्या राजवटीशी असलेली जवळीक यांमुळे अनेक क्रांतिकारकांचा धर्मगुरूंवर रोष होता. तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. मात्र त्याची झळ सामान्य भाविकांनाही बसली. १९१४ मध्ये येशूसंघाच्या तरुण उमेदवारांना देश सोडावा लागला. प्रो यांचे पुढचे शिक्षण कॅलिफोर्निया, स्पेन आणि बेल्जियममध्ये झाले. मधली काही वर्षे त्यांनी निकाराग्वात शिकवले. ३१ ऑगस्ट १९२५ रोजी बेल्जियममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोटाच्या अल्सरवर शस्त्रक्रिया करूनही गुण येईना, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना मायदेशी धाडले.

जुलै १९२६ मध्ये ते परतले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला अध्यक्ष प्लुतार्को एलियास काइयेस यांचा कायदा लागू झाला. १९१७ च्या घटनेतील चर्चविरोधी कलमांना त्याने शिक्षेची धार दिली. धर्मगुरूचा झगा घालून रस्त्यावर आल्यास ५०० पेसो दंड, धर्मगुरूने सरकारवर टीका केल्यास पाच वर्षे कैद. निषेध म्हणून बिशपांनी सार्वजनिक उपासना थांबवली. पश्चिमेकडील प्रांतांत शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या. हे क्रिस्तेरो युद्ध १९२९ पर्यंत चालले.

प्रो राजधानीतच राहिले. घराघरांत गुपचूप मिस्सा आणि पापनिवेदन, ख्रिस्तप्रसादाचे वाटप, शिवाय उपाशी कुटुंबांसाठी धान्य व पैसे गोळा करणे असे त्यांचे काम चाले. लहानपणच्या नकला इथे कामी आल्या. कधी मेकॅनिक, कधी भिकारी, कधी सिगार ओढणारा ऐटबाज तरुण बनून ते सायकलवरून शहरभर फिरत. या वेशांतरांच्या गोष्टींत भक्तांनी मागाहून मीठमसाला घातला असणार, पण त्यांच्या पत्रांतला मिस्कीलपणा अस्सल आहे.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी चापुल्तेपेक उद्यानात माजी अध्यक्ष आल्व्हारो ओब्रेगॉन यांच्या मोटारीवर बाँब फेकले गेले. ओब्रेगॉन बचावले. हल्लेखोरांची मोटार पूर्वी प्रो बंधूंपैकी एकाच्या मालकीची होती. हा धागा धरून पोलिसांनी मिगेल, उंबेर्तो आणि रोबेर्तो या तिघा भावांना पकडले. कटाचा सूत्रधार, अभियंता लुइस सेगुरा विल्चिस याने गुन्हा कबूल केला. फादर प्रो यांच्याविरुद्ध पुरावा न्यायालयात मांडलाच गेला नाही, कारण खटलाच चालवला नाही. भावांचा धर्मस्वातंत्र्यरक्षण लीग या कॅथलिक संघटनेशी संबंध होता, हे मात्र खरे.

२३ नोव्हेंबरला पोलीस मुख्यालयाच्या आवारात, बोलावून आणलेल्या पत्रकार-छायाचित्रकारांसमोर खटल्याविनाच मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. प्रो यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, डोळ्यांवर पट्टी नाकारली, एका हातात क्रूस व दुसऱ्यात जपमाळ घेऊन बाहू पसरले आणि ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ असे म्हणत गोळ्या झेलल्या. त्यांच्यानंतर सेगुरा विल्चिस, उंबेर्तो आणि बाँबहल्ल्यातील आणखी एक आरोपी हुआन तिरादो यांनाही ठार केले गेले. अर्जेंटिनाच्या राजदूताने रदबदली केल्याने रोबेर्तोचा जीव वाचला.

ती छायाचित्रे दहशत बसवण्यासाठी होती. सरकारचा हिशेब साफ चुकला. क्रिस्तेरो युद्धात असंख्य माणसे अज्ञात माळरानांवर मेली, पण या एका मृत्यूचा प्रत्येक क्षण कॅमेऱ्याने टिपला आणि वृत्तपत्रांनी घरोघर पोहोचवला. लोक ते फोटो प्रार्थनेच्या पुस्तकांत जपू लागले, तेव्हा त्यांच्या प्रसारावर बंदी घालण्याची पाळी सरकारवर आली. अंत्ययात्रेला बंदी झुगारून हजारो लोक लोटले.

जुलै १९२८ मध्ये होसे दे लेओन तोराल या कॅथलिक तरुणाने ओब्रेगॉन यांचा खून केला. जून १९२९ मध्ये सरकार व बिशपांत तडजोड होऊन चर्चमधील उपासना पुन्हा सुरू झाली, मात्र घटनेतील कलमे तशीच राहिली. २५ सप्टेंबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रो यांना ‘धन्यवादित’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केले, तेव्हाही मेक्सिकोत चर्चला कायदेशीर अस्तित्व नव्हते. ते १९९२ च्या घटनादुरुस्तीने मिळाले.