पाथरीचं वतन आणि दख्खनची भाऊबंदकी

परभणी जिल्ह्यातली पाथरी आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ती साईबाबांचं जन्मगाव मानली जाते म्हणून. पण याच पाथरीसाठी सोळाव्या शतकात अहमदनगरचा निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा पुन्हा पुन्हा लढले. कारण खजिन्याचं नव्हतं, धर्माचंही नव्हतं. अहमदनगरच्या सुलतानाच्या आजोबांचं घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं होतं आणि पूर्वजांचं गाव त्याला आपल्या ताब्यात हवं होतं.

बहमनी राज्य फुटलं त्या काळाला आपण ‘पाच शाह्यांचा उदय’ म्हणतो आणि पुढे जातो. खरं तर ती एकाच राज्याच्या सरदारांची आपसातली यादवी होती. सुलतान महमूद १५१८ पर्यंत बीदरच्या गादीवर बसलेला होता आणि एकमेकांवर चालून जाणारे सगळे कागदोपत्री त्याचेच चाकर होते. यादवीचं मूळ पाहायचं तर वजीर महमूद गावानच्या कारभारात पाहावं लागतं. त्यानं चार मोठ्या तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ तुकडे केले आणि प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या थेट हुकमतीत घेतले. फौजेचा हिशोबही कडक केला. पाचशे स्वारांमागे तरफदाराला लाख, पुढे सव्वा लाख होन मिळायचे, पण हजेरीत माणसं कमी भरली की तेवढी रक्कम कापली जाई. कागदावर फौज दाखवून पैसा खाणाऱ्या सरदारांना हे कसं सोसावं? बनावट पत्रावर गावानची मोहोर उमटवून घेतली गेली आणि ५ एप्रिल १४८१ रोजी तेव्हाच्या सुलतानाच्या हुकमानं या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. माझ्या मते दख्खनच्या इतिहासात इतका महाग पडलेला दुसरा खून नाही.

त्या कटाच्या मुळाशी मलिक हसन होता. त्याचीही तरफ, तेलंगण, दुभागली गेली होती. हा हसन कोण? इतिहासकार फरिश्ता सांगतो की त्याचं मूळ नाव तिमाभट, बापाचं नाव बहिरू. पाथरीच्या कुलकर्ण्यांचं हे घर विजयनगरच्या मुलखात गेलेलं होतं. तिथं अहमदशहा बहमनीच्या फौजेनं पोरवयातल्या तिमाभटाला कैद केलं, त्याचं नाव हसन ठेवलं आणि शाहजाद्याच्या सोबत वाढवलं. तो फारसी, अरबी शिकला, ससाण्यांच्या खात्याचा अधिकारी झाला आणि चढत चढत राज्याचा कारभारी बनला.

समोरच्या बाजूला इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला. तोही विजयनगरच्या मुलखातल्या कानडी हिंदू घरातला. तोही लढाईत पकडलेला पोर, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढून तिथला तरफदार झालेला. म्हणजे पुढे पाथरीच्या तटाखाली भिडलेल्या दोन्ही घराण्यांचे मूळपुरुष लहानपणीच युद्धकैदी झालेले होते. हे शाळेतल्या पुस्तकात आलं असतं, तर दख्खनच्या सुलतानांकडे पाहण्याची आपली नजर नक्कीच वेगळी झाली असती.

गावानच्या मृत्यूनंतर दख्खनी आणि आफाकी, म्हणजे परदेशातून आलेले सरदार, यांच्यातलं वैर उघडं पडलं. खुद्द बीदरच्या रस्त्यांवर सुमारे वीस दिवस कत्तल चालली, असं फरिश्ता लिहितो. आफाकींचा पुढारी यूसुफ आदिलखान आपली माणसं घेऊन विजापूरला गेला. मलिक हसनला १४८६ मध्ये बीदरच्याच अधिकाऱ्यानं ठार केलं. त्याचा मुलगा अहमद, म्हणजे पुढचा निजामशहा, तेव्हा जुन्नरला होता. २८ मे १४९० रोजी त्यानं सुलतानाच्या फौजेला भिंगारजवळ गाठून मोडली आणि पुढे त्याच परिसरात अहमदनगर वसलं.

हा अहमद स्वतः तलवारीचा मोठा जाणकार होता. त्याच्या नादानं शहरातल्या तरुणांना एकास एक तलवार खेळण्याचं वेड लागलं. वाद मिटवायलाही पोरं द्वंद्वाला उभी राहत, त्यात माणसं रोज मरत, आणि ही चाल पुढे साऱ्या दख्खनभर पसरली. फरिश्त्यानं ती मनापासून नापसंत केली आहे. तो स्वतः अहमदनगरच्या दरबारी चाकरीत राहिलेला, त्यामुळे त्याचा शब्द इथे वजनदार वाटतो.

अहमदनंतर गादीवर आला तो सात वर्षांचा बुऱ्हाण. कारभार मुकम्मलखान दख्खनी पाहू लागला. त्याच्यावर रुसलेले सरदार वऱ्हाडला पळाले आणि अलाउद्दीन इमादशहाला घेऊन १५१० मध्ये उलटून आले. त्या लढाईत बाळराजाला त्याच्या पालकानं आपल्या कमरेशी बांधून घोड्यावर घेतलं होतं. इमादशहाला मागं हटावं लागलं.

आता पाथरी. गाव इमादशहाच्या हद्दीत, पण अहमदनगरच्या सीमेला लागून. निजामशहाकडून निरोप गेला की पाथरी द्या, त्याबदली याहून जास्त उत्पन्नाचा मुलूख घ्या. इमादशहानं नकार दिला आणि उलट पाथरीची तटबंदी भक्कम करायला घेतली. तेव्हा १५१८ मध्ये मुकम्मलखानानं दौलताबादेकडे सहलीला निघाल्याचा देखावा केला, अचानक पाथरीकडे वळला आणि किल्ला घेतला. तट चढताना पराक्रम गाजवणाऱ्या मियाँ मुहम्मद घोरीला ‘कामिलखान’ किताब आणि पाथरीचा कारभार मिळाला. या साऱ्या हकिकतीत नावानिशी उरलेल्या मोजक्या लढवय्यांपैकी हा एक.

पुढे इमादशहानं गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची मदत घेऊन पाथरी परत मिळवली. १५२७ मध्ये बुऱ्हाण पुन्हा आला, सुमारे दोन महिने वेढा घालून बसला आणि गाव जिंकल्यावर त्यानं जे केलं ते मला या सगळ्या यादवीतलं सर्वांत विलक्षण कृत्य वाटतं. त्यानं किल्ला जमीनदोस्त केला आणि तो परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना धर्मादाय देऊन टाकला. ज्या तटासाठी इतकी माणसं मेली तो तटच त्यानं ठेवला नाही. अकबराच्या काळापर्यंत पिढ्यानपिढ्या तो मुलूख त्या घराकडे चालत राहिला.

या नात्याची लाज बुऱ्हाणाला वाटली नाही, पण पुढच्या दरबाराला वाटली असावी. दुसऱ्या बुऱ्हाणाच्या आश्रयानं १५९० च्या दशकात लिहिलेल्या ‘बुऱ्हान-ए-मआसिर’मध्ये तबातबाई वेगळंच सांगतो. त्याच्या मते अहमद हा मलिक हसनचा नव्हे, बहमनी सुलतानाचाच मुलगा. राजरक्त दाखवण्याची ही खटपट आहे, असं मला वाटतं. पाथरी दान दिल्याची नोंद तिच्याशी जुळत नाही.

त्या दानाचा शेवटही यादवीनंच केला. १५९५ मध्ये निजामशाहीचे सरदार गादीच्या वारसावरून फुटले आणि त्यातल्या मियाँ मंझूनं मोगलांना बोलावलं. चांदबिबीनं अहमदनगर वाचवलं, पण तोवर निजामशाहीत आलेलं वऱ्हाड १५९६ च्या तहात मोगलांकडे गेलं. फेब्रुवारी १५९७ मध्ये आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठच्या परिसरात, गोदावरीकाठी, विजापूरचा हबशी सेनापती सुहेलखान दख्खनी फौजा घेऊन उभा राहिला. मोगलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले तो रहीम. त्याच्या बाजूनं खानदेशचा राजा अलीखान लढत होता आणि तो रणात पडला. अंधार पडला, कोण कुठं आहे कळेना. तो दिसत नाही म्हणजे शत्रूला मिळाला असं समजून मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी लढाई जिंकल्यावर प्रेतांच्या ढिगात त्याचा देह सापडला. त्याची कबर बुऱ्हाणपुरात आहे. पाथरीही मोगलांकडे गेली आणि ‘आईन-ए-अकबरी’त तिचं नाव वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक भाग, म्हणून नोंदलं गेलं.